वासापुरता ग्लास

“चाखायचं नाही,” नेल्सनची आई म्हणाली. “नुसता वास घे.”

चमचा माझ्या ओठांजवळ पोचला होता, तो तिथंच थांबला. मी वाइनच्या कंपनीत नोकरी करणारी बाई. दिवसभर चाखायचे पैसे मिळवायचे, आणि इथे ह्या बाईंच्या स्वयंपाकघरात मला चमचाभर घरची मोगऱ्याची दारू मिळेना. मी निमूट वास घेतला.

“कसा आहे?”

“छान आहे, काकू.”

“छान काय छान! खरं सांग. मला कौतुक नकोय.”

मग मी पुन्हा नाक लावलं आणि खरं सांगितलं. “साखरेचा येतो. थोडा गवताचा. मोगऱ्याचा म्हणाल तर... शोधावा लागतो.”

त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि एवढंच म्हणाल्या, “मलाही तेच वाटत होतं.” आणि मग, कशाचा कशाला संबंध नसताना, “तुझे वडील तपकीर ओढतात का गं?”

ही गोष्ट माझ्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यातली. मी दिंडोरीकडची, डेर्ल्यांची वैजयंता. नेल्सन तुस्कानो वसईचा. पुण्याला शिकताना आमचं जमलं, आणि जमलं ते जमलंच. धर्माचं म्हणाल, तर तो तमाशा दोन्ही घरांत करून झाला होता. रडून झालं, अबोला धरून झाला, दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी मध्ये पडून झालं. शेवटी रजिस्टर लग्न करायचं आणि जेवणं दोन्ही गावांत घालायची, इथपर्यंत गाडी आली होती. आता अडली होती ती एका ग्लासावर.

तुस्कानोंच्या घरची रीत अशी, की बोलणी पक्की करताना मुलीच्या बापानं आणि मुलाच्या बापानं टोस्ट घ्यायचा. ग्लास वर करायचा, ओठाला लावायचा, मग नातं ठरलं. नेल्सनचे वडील गेलेले, त्यांच्या जागी त्याची आई टोस्ट घ्यायची. आणि घरात शब्द चालायचा बावतीसकाकांचा, म्हणजे नेल्सनच्या वडिलांच्या थोरल्या भावाचा. काकांचा आवाज देवळात शेवटच्या बाकापर्यंत जायचा आणि घरात अंगणापलीकडे.

आणि माझे आप्पा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब नाही. आता ह्यातली गंमत बघा. आप्पांच्या बागेतली सगळी द्राक्षं जायची वाइनला. गाव त्यांना चिडवून बेजार करायचं. आप्पा म्हणायचे, “मी द्राक्षं पिकवतो. पुढचं त्यांचं ते जाणोत.” पण माल भरून गाडी वळणाआड जाईपर्यंत ते रस्त्यावर उभे राहायचे. आणि मी सुट्टीला घरी गेले, की हळूच विचारायचे, “वैजे, आत त्याचं नेमकं काय करतात गं?” मी सांगायची. ते ऐकायचे, मान हलवायचे आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच विचारायचे. उभी हयात मुलगी सासरी पाठवावी आणि तिचं घर कधी बघू नये, तशी त्यांची गत झाली होती.

“एका घोटानं काय होतंय?” बावतीसकाका म्हणाले होते. नेल्सनही एकदा चाचरत तेच म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. एकच घोट, आप्पा. माझ्यासाठी.

पण ते मी त्यांच्याकडे कधीच मागितलं नसतं. आणि बोलणी मोडल्यावर घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्नही केलं नसतं. त्यामुळे मी चांगलीच कात्रीत सापडले होते.

म्हणून मी दर रविवारी नोकरीच्या ठिकाणाहून, बोरिवलीहून, वसईला जायची आणि काकूंना लोणी लावायची. सिसिलियाकाकू, म्हणजे नेल्सनची आई, काकांना वळवू शकल्या तर शकल्या, दुसरं कुणी नव्हतं. त्यांची मोगऱ्याची वाडी होती. पहाटे कळ्या खुडायच्या, दादरला पाठवायच्या, हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. उरलेल्या कळ्या साखर घालून व्होडकात मुरवायच्या आणि त्याची गोड दारू करायची. घरात तिला मोगरी म्हणत. कुणाचंही लग्न ठरलं, की मोगरीचा ग्लास. पहिल्याच भेटीत मी त्यांना सांगितलं होतं, की मोगरीचा चमचाभर ग्लासाच्या तळाशी घालून वरून गार स्पार्कलिंग वाइन ओतली तर काय बहार येईल. आमच्या कंपनीची एक वाइन निव्वळ आप्पांच्या बागेतल्या द्राक्षांची होती. द्राक्षं तिकडची, फुलं इकडची. मला वाटलं होतं, काका तेवढ्यावर खूश होतील आणि आप्पांचं सरबतावर भागेल.

काकूंनी ते मनावर घेतलं, पण भलत्याच दिशेनं. त्यांना माझ्या बापाचे प्रश्न पडायला लागले.

“तपकीर नाही ओढत,” मी म्हणाले. “तंबाखू पण नाही.”

“सर्दीचा त्रास?”

“नाही.”

“फवारणी करताना तोंडाला फडकं बांधतात ना? औषधानं नाक जळतं माणसाचं.”

मला संताप आला. म्हटलं, व्याही बघताय का घोडा विकत घेताय? दात पण मोजा ना! पण हे सगळं मनातल्या मनात. तोंडानं म्हणाले, “बांधतात, काकू.”

त्या दिवशी निघताना मी चहाचे कप विसळत होते. खिडकीतून वाडी दिसत होती. पहाटे खुडताना नजरेतून सुटलेल्या दोनचार कळ्या दिवेलागणीला फुलल्या होत्या, आणि त्या दोनचारांचा वास नळापर्यंत आला होता.

“काकू,” मी विचारलं, “मोगऱ्याला वास कधी सुटतो?”

“आता. फुलला की.”

“आणि तुम्ही मोगरीत काय घालता?”

“कळ्या,” त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघत होते, त्या माझ्याकडे.

“अगं बाई!” त्या मटकन स्टुलावर बसल्या. “माझ्या सासूनं कळ्या घातल्या, तिच्या सासूनं कळ्या घातल्या. आमच्याकडे फुललेला मोगरा म्हणजे वाया गेलेला माल गं. हातच जात नाही त्याला.”

पुढच्या रविवारी गेले, तर वाडीत एक अख्खी ओळ न खुडलेली. पांढरी ठिपकेदार, कळ्यांनी लगडलेली, भर दुपारी. अंगणात बावतीसकाका तणतणत होते. “डोकं फिरलंय हिचं! भाव चढलाय आणि ही बाई माल झाडावर नासवतेय!” काकू ऐकून न ऐकल्यासारखं करत कपडे वाळत घालत होत्या. संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून ती फुललेली फुलं वेचली, देठ काढले, बरणीत घातली. सकाळी ती गाळून काढायची, नाहीतर कडू होतं. संध्याकाळी नवी घालायची. असं त्या रोज करत राहिल्या. मी रविवारी गेले की नाकासमोर चमचा. “चाखायचं नाही. वास घे. मागच्या खेपेपेक्षा?”

“जास्त.”

“हातभर लांबून येतो का?”

मी चमचा लांब धरला. “येतो.”

“ग्लास कुठला बरा? वास कुठल्यात टिकतो?”

“खाली पोट, वर अरुंद तोंड असलेला.”

“मग तसले आण.”

एवढं चाललं होतं, पण आप्पांचा विषय काढला की त्या बरणीकडे वळायच्या. मी एकदा धीर करून म्हणाले, “काकू, आप्पा घेणार नाहीत. त्यांना सरबत दिलंत तर चालेल ना? काकांना तुम्ही सांगाल?”

“बघू,” त्या म्हणाल्या.

आणि वर आणखी एक खुट्टी मारली. बोलणी रविवारी देवळातली मिस्सा झाली की सकाळी व्हायची, अशी त्या घराची पद्धत. काकूंनी ठरवलं, संध्याकाळी, दिवेलागणीला. काका भडकले. माझे आईवडील एवढ्या लांबून येणार, परत कधी जाणार, म्हणून मीही कुरकुरले. काकू म्हणाल्या, “उशीर झाला तर राहतील इथं. घर आहे, धर्मशाळा नाही.” मला वाटलं, झालं! ह्या बाईला हे लग्न नकोच आहे. ती एकेक दगड वाटेत टाकतेय, आणि मी तिच्या बरणीत फुलं भरतेय.

द्राक्षबागेची खरड छाटणी उरकून आप्पा आले. धुतलेलं धोतर, टोपी, सोबत आई आणि द्राक्षांऐवजी घरच्या बेदाण्यांची पिशवी. आप्पा आल्या आल्या घरात न बसता वाडीत गेले. मोगऱ्याची खोडं बोटानं चाचपली. “छाटणी खोल घ्या जराशी,” बावतीसकाकांना म्हणाले. काका म्हणाले, “मोगरा आहे तो, द्राक्ष नाही.” मी कपाळाला हात लावला.

स्वयंपाकघरात मी बाटली उघडली. ती फटाक्यासारखी उडवायची नसते. बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवायची, म्हणजे नुसता सुस्कारा टाकून निघतं. काकूंनी प्रत्येक ग्लासाच्या तळाशी मोगरीचा एक चमचा घातला. ग्लास तिरपा धरून मी वरून वाइन ओतली. ढवळायचं नाही, ते काम बुडबुडे करतात. लिंबाच्या सालीची एक पट्टी ग्लासावर पिळली, तिचं तेल वर उडालं. आणि शेवटी काकूंनी प्रत्येकात एक टपोरी, अर्धवट उमललेली कळी सोडली. झालं, एवढीच कृती.

“आप्पांचं सरबत?” मी विचारलं.

त्यांनी ट्रे उचलला आणि बाहेर गेल्या.

मी मागोमाग धावले, तोवर ग्लास वाटूनही झाले होते. आईपुढे कोकम सरबत. आणि आप्पांपुढे, भरलेला, बुडबुड्यांनी नाचणारा, तोच ग्लास. इतके रविवार, इतकं गोड बोलणं, आणि ह्या बाईनं माझ्या बापाला भर बैठकीत असं कोंडीत धरावं? नेल्सन माझ्याकडे बघत होता, त्याचाही चेहरा उतरला होता.

बावतीसकाका उभे राहिले. दोन्ही घरांचं भलं होवो वगैरे चार वाक्यं चांगली बोलले, आणि ग्लास वर करून आप्पांकडे बघत थांबले. “घ्या, रंगनाथराव.”

आप्पांनी ग्लास उचलला नाही. ते नुसते त्याच्याकडे वाकून बघत राहिले.

“वैजे, ही आपली?”

“तुमचीच, आप्पा. नाल्याकडच्या बागेतली.”

“हे बुडबुडे कुठून येतात गं?”

“बाटलीतच तयार होतात. यीस्ट साखर खातं आणि...”

“बंद बाटलीत?”

“बंद बाटलीत.”

त्यांनी टोपी मागे सारली आणि कान ग्लासाजवळ नेला. माझ्या बापानं, गळ्यात माळ घालून, तुस्कानोंच्या बैठकीत, वाइनला कान लावला. “बोलतंय की,” ते म्हणाले.

काकांचा हात अजून वरच होता, आणि तो आता दुखायला लागला असावा. “रंगनाथराव, मान आहे हा. नुसता एक घोट. एका घोटानं काय होतंय?”

आप्पा सरळ बसले. हात जोडले. “दादा, तुमचा मान मोठा आहे. पण ही माळ माझ्या बापानं घातली. तेवढं सोडून काय सांगाल ते करतो.”

काकांचा चेहरा लाल झाला. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला वाटलं, संपलं सगळं.

“रंगनाथभाऊ,” काकू म्हणाल्या, “पिऊ नका. वास घ्या.”

“सिसिलिया!” काका गरजले. “वासानं टोस्ट होतो का कधी?”

“होतो.”

“कुणी सांगितलं?”

“मी सांगते ना. देवळात फादर धूप फिरवतात, तो कोण पितं? तरी मिळतोच ना सगळ्यांना?” त्यांनी आपला ग्लास हातात घेतला होता. “दादा, नेल्सन लहान असताना तापानं फणफणला होता, आठवतं? डॉक्टरांनी आशा सोडली होती. तेव्हा मी माउलीला नवस बोलले, पोर जगलं तर पुन्हा थेंब घेणार नाही. पोर जगलं. त्यानंतर ह्या घरातला प्रत्येक टोस्ट मी घेतलाय. तुमच्या तिन्ही मुलींच्या लग्नात घेतला. माझ्या लेकीची, सिंडीची बोलणी ह्याच खोलीत झाली, तिच्या बापाच्या जागी ग्लास मी उचलला. दरवेळी नाकाला लावला आणि खाली ठेवला. एक घोट गेलेला नाही पोटात. मोडलं का कुणाचं लग्न?”

काका ग्लास हातात धरून तसेच उभे. “मग तुझे ग्लास...”

“मोगऱ्याच्या आळ्यात.”

“आणि मोगरी? ती तर तूच करतेस!”

“चव नेल्सन बघतो. वास मी.”

नेल्सन आईकडे असा बघत होता, जणू ही बाई आजच भेटतेय. “आई, मला पण नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं, तर दरवेळी कुणीतरी म्हणालं असतं, एका घोटानं काय होतंय,” काकू म्हणाल्या. “तूही म्हणाला असतास.”

नेल्सननं मान खाली घातली. मीही घातली. तपकीर, सर्दी, अरुंद तोंडाचा ग्लास, न खुडलेली ओळ, दिवेलागणीची वेळ, सगळं माझ्या डोक्यात एकदम लखलखलं आणि मला इतकं रडू आलं की पदर शोधताना कळलं, मी पंजाबी ड्रेस घातलाय.

आप्पांनी ग्लास उचलला. दोन्ही हातांनी, पंचामृत घेतात तसा. बाहेर अंधारत होतं, आणि त्यांच्या ग्लासातली कळी बघता बघता पुरती उमलली होती. त्यांनी ग्लास वर केला, नाकाशी आणला आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ ते तसेच होते.

“आधी मोगरा,” ते म्हणाले. “मग लिंबू.” मग पुन्हा थांबले. “आणि मागून... वैजे, ह्यात पावाचा वास कसा गं? ताज्या पावाचा?”

मी ओरडलेच. “आप्पा! तो यीस्टचा! तो पहिल्या खेपेला कुणालाच ओळखू येत नाही!”

“मला आला की.” पुन्हा नाक लावलं. “आणि एकदम तळाशी आपला माल आहे. तोडणीच्या सकाळी बागेत येतो ना, तोच.” त्यांनी डोळे उघडले, ते भरले होते. “म्हणजे हरवत नाही म्हणायचं तो. एवढं सगळं करून पण.”

काकूंनी आपला ग्लास नाकाला लावला, पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत, आणि खाली ठेवला. आप्पांनीही ठेवला. दोन भरलेले ग्लास शेजारी शेजारी. आता सगळं बावतीसकाकांवर होतं.

काका त्या दोन ग्लासांकडे बघत राहिले. मग आपल्या ग्लासाकडे. त्यांची सवय एका दमात रिचवायची. पण ह्या खेपेला ग्लास तोंडाशी जाता जाता नाकाशी थबकला. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी जोरात श्वास ओढला, पुन्हा ओढला.

“अरे!” ते म्हणाले. “ह्यात मोगरा आहे!”

“मग काय कांदा असणार?” काकू म्हणाल्या.

“अगं, जन्म गेला माझा मोगऱ्यात. जन्म गेला ही मोगरी पिण्यात. मी आजवर नेमकं काय पीत होतो?”

“तुम्ही कळ्या पीत होता, दादा. आणि मी माल झाडावर नासवला तेव्हा शिव्या देत होता.”

आई आधी हसली, मग नेल्सन, मग सगळेच. आप्पा मात्र गंभीर. त्यांच्या पोरीचा प्रश्न होता. “मग, बावतीसदादा,” ते म्हणाले, “बोलणी पक्की समजायची का?”

काकांनी ग्लासातून नाक काढलं नाही. नुसता हात वर केला. “थांबा हो, रंगनाथराव. जरा वास तर घेऊ द्या.”

आणि तशीच ती पक्की झाली.

जेवायला बसायच्या आधी काकू ते दोन ग्लास घेऊन मागच्या दाराकडे निघाल्या. “ताई, कुठं निघालात?” आप्पांनी विचारलं. त्या म्हणाल्या, “आळ्यात.” आप्पा उठले. “आणा, माझा मी ओततो.” दाराशी उभी राहून मी बघत होते. त्या न खुडलेल्या ओळीपाशी दोघं वाकले होते. आप्पांनी बोटानं माती उकरून छोटा खळगा केला, त्यात आपलीच द्राक्षं हळूहळू ओतली आणि फेस मुरेपर्यंत तिथंच बसून राहिले. मग शेजारची फांदी धरून काकूंना दाखवायला लागले.

“ताई, मी सांगतो ऐका, इथून छाटा. खोल घ्या जराशी.”

“दाखवा बरं,” काकू म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.